नळीतून दिलेली पेज

एम.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षी मी कॅन्सरच्या रुग्णांच्या घरी जाऊन त्यांची सेवा करणाऱ्या माणसांना प्रश्न विचारत असे. घरातल्या एकाला असे दुखणे लागले की त्याच्या उशाशी बसणाऱ्याचे काय होते, आणि आम्ही नर्स त्याला काय आधार देऊ शकतो, हा माझ्या प्रबंधाचा विषय होता. विषय मला मनापासून आवडला होता. फक्त तो बसमधून फिरून पुरा करायचा होता, आणि वॉर्डातली ड्यूटी सुटलेली नव्हती.

माझे घर गोव्यात, मयेजवळ. सकाळच्या बसने डिचोली, तिथून म्हापसा, म्हापशाहून पेडण्याकडे जाणारी बस. आठवड्यातून दोन दिवस हे. उरलेले दिवस हॉस्पिटल. रविवारी मी जेवायला बसले की ताटावरच डोळे मिटायचे, आणि आई म्हणायची, "शिकून नोकरी लागली, आता परत कित्याक शिकतंस गो?" तिला उत्तर देण्याइतकाही जोर माझ्यात नसायचा. वडील खाणीवर मजूर होते, आई दुसऱ्यांच्या माडांच्या भाटात कामाला जायची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. गावच्या मराठी शाळेतल्या बाईंनी मला सातवीत घरी बोलावून इंग्रजी शिकवले नसते, तर तेही झाले नसते. त्यामुळे थकले तरी तक्रार करायचा आपल्याला हक्क नाही, असे मला त्या काळात वाटायचे. आज मागे पाहताना वाटते, मी ज्यांना प्रश्न विचारत होते त्यांनाही नेमके हेच वाटत होते.

प्रश्नांचा फॉर्म छापील होता. "रुग्णाची काळजी घेताना आपणास ताण जाणवतो का?" "आपल्या स्वतःच्या प्रकृतीकडे दुर्लक्ष होते असे आपणास वाटते का?" पुढे पाच चौकोन: कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी. मी प्रश्न वाचायचे, ते उत्तर द्यायचे, मी चौकोनात खूण करायचे.

पेडण्याच्या वाटेवर धारगळला एका घरी मी पहिल्यांदा गेले ती पेजेच्या वेळी, अकराच्या सुमाराला. रस्त्यापासून थोडे आत, कौलारू घर, एकाच छपराखाली दोन भावांची दोन बिऱ्हाडे आणि मधल्या खोलीत दोघांचे मिळून एकच देवघर. थोरले भाऊ वारले होते, त्यांची बायको पलीकडच्या बाजूला राहायची. अलीकडे माझे रुग्ण, म्हणजे काका, आणि त्यांची बायको, काकी. मुलगी लग्न होऊन सावंतवाडीला. काकांचा हायवेच्या कडेला मिरची, कलिंगड, भाजी विकायचा मांड होता. तोंडाच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाले, जबड्याचा एक भाग काढला, पाठोपाठ रेडिएशनचे शेक झाले, आणि आता नाकातून पोटात गेलेल्या नळीवर ते जगत होते. बोलणे जाड आणि ओले झाले होते. नीट कान दिला तर कळायचे.

काकींनी मला सोप्यावर बसवले, चहा आणि उंडा पाव पुढे ठेवला. काका आरामखुर्चीत बसले. पलीकडून काकींच्या मोठ्या जाऊबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मी आधी संमतीपत्र वाचून दाखवले. तुम्ही जे सांगाल ते गुप्त राहील, कोणाला कळणार नाही, हे वाक्य मी मुद्दाम सावकाश वाचले. मला त्या कागदाचा अभिमान वाटायचा. मग प्रश्न सुरू केले.

"ताण जाणवतो का?"

काकींनी काकांकडे पाहिले. "नाय गो बाय. कसलो ताण? आपल्याच माणसाचा करूक ताण खयचो?"

"स्वतःच्या प्रकृतीकडे दुर्लक्ष होते असे वाटते?"

"माका काय धाड भरल्या?"

दारातून जाऊबाई म्हणाल्या, "ती घट्ट असा. आमच्या घराण्यातल्यो बायलो सगळ्यो घट्ट."

काका काहीतरी पुटपुटले. काकी हसल्या आणि मला सांगितले, "म्हणतत, ह्या फॉर्मात भांडकुदळपणाचो प्रश्न नाय?"

मीही हसले. शेवटपर्यंत सगळ्या खुणा पहिल्याच चौकोनात झाल्या. अर्ध्या तासात काम उरकले म्हणून मी मनातून खूश झाले, कारण दुपारची म्हापशाची बस मिळणार होती.

असे बरेच फॉर्म जमले. मी ते आमच्या मॅडमच्या टेबलावर ठेवले. मॅडम माझ्या मार्गदर्शक, मोजके बोलणाऱ्या. त्यांनी एकेक कागद उलटला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "या कोणालाच काही त्रास नाही?"

"मॅडम, त्यांनी सांगितलं तसंच लिहिलं."

"कुठे बसून विचारलंस?"

"सोप्यावर."

"रुग्ण कुठे होता?"

मी टेबलावरचे फॉर्म सारखे करू लागले. मॅडमनी आवाज चढवला नाही. "तू नर्स आहेस. ड्रेसिंग करताना, चादर बदलताना पेशंट तुला काय काय सांगतात? ते तू फॉर्म घेऊन विचारतेस का? परत जा. घरातल्या बाईबरोबर कामाला लाग. फॉर्म पिशवीतच राहू दे."

परत जा म्हणजे सगळ्या बसा परत. मी बाहेर येऊन जिन्यावर थोडा वेळ बसून राहिले. रडू येईल असे वाटले होते, तेही आले नाही.

धारगळला मी पंधरा दिवसांनी गेले. या वेळी सरळ मागच्या दाराने. काकी परसात न्हाणीजवळ दगडावर कपडे धूत होत्या. मी चपला काढल्या, साडी खोचली आणि बालदीतले पिळायला घेतले. त्या नको नको म्हणत राहिल्या, मग दुसरे टोक धरून पिळू लागल्या. आम्ही मिरच्यांवर बोललो, माझ्या लग्नावर बोललो. माझ्या लग्नाचा विषय त्या वर्षी प्रत्येक घरात निघायचा. "नर्शीक नवरो गावता गो, पण नर्स घराक गावना नाय," काकी म्हणाल्या.

दोरीवर कपडे टाकताना त्यांनी एक जुनी साडी दुहेरी करून टाकली. तिच्याखाली काही तरी होते. वाऱ्याने पदर हलला आणि मला दिसल्या सुती कापडाच्या घड्या, धुऊनही तपकिरी राहिलेल्या. हे बघायला नर्स असावे लागत नाही, आमच्या प्रत्येक घरात ते असेच साडीखाली वाळत असते. पण काकी पंचावन्नच्या पुढच्या होत्या.

मी विचारले, "काकी, हे कोणाचे?"

त्यांनी साडी सारखी केली. मग दगडावर बसल्या, आणि जे बोलल्या त्याची मी अपेक्षाच केली नव्हती.

"माका पाप लागतला, बाय."

पाळी जाऊन सहा-सात वर्षे झाली होती. काकांच्या ऑपरेशननंतर दोन महिन्यांनी ती परत आली, असे त्यांना वाटले. धावपळीने, उष्णतेने आली असेल. कधी चार दिवस, कधी दहा दिवस, मध्ये थोडी उसंत आणि पुन्हा. त्या घरात चार दिवस बायकांनी बाहेर बसायचे, चुलीला आणि देवाला शिवायचे नाही, ही रीत मोठ्या जाऊबाईंनी सासूमागे तशीच चालवली होती. काकींनी सांगितले असते तर त्यांना दहा-दहा दिवस मागच्या पडवीत बसावे लागले असते. जाऊबाईंनी पेज शिजवली असती, पण नळीतून घातली नसती. नळी नुसती पाहिली तरी त्यांना घेरी यायची.

"तेंका पेज कोण घालतला? म्हणान मी कोणाक सांगूक नाय. तसोच सैपाक केलंय. तशीच देवाकडे वात लावलंय. तशीच तेंका पेज घातलंय." मग अगदी हळू म्हणाल्या, "आणि म्हणान तेंका गुण येणा नाय."

डॉक्टरांनी मागच्या तपासणीत गळ्याजवळ नवी गाठ सांगितली होती. काकींनी तिचा हिशेब स्वतःच्या विटाळाशी जोडला होता. गेले कित्येक महिने ती बाई दिवसातून सहा वेळा नवऱ्याला पेज घालत होती आणि दर वेळी आपण त्याला विष घालतो आहोत असे तिला वाटत होते.

मला त्यांना जवळ घ्यावेसे वाटले, पण माझे डोके भलतीकडेच गेले होते. पाळी गेल्यावर इतक्या वर्षांनी येणारे रक्त म्हणजे पाळी नव्हे. ते आम्हाला पहिल्या वर्षापासून घोकवलेले असते. मी म्हटले, "काकी, हे तपासायला हवे. लगेच. कदाचित काही नसेल, पण गर्भाशयाचे मोठे दुखणेही असू शकते."

"आणि घरात काय सांगू?"

"जे आहे ते."

"नाय." त्या उठल्या. "तू कोणाक सांगूचा नाय. तूच वाचून दाखवलंस मगो कागद. आपण सांगलेला कोणाक कळाचा नाय म्हणान."

माझाच कागद त्यांनी माझ्यापुढे धरला. मी दोरीजवळ उभी राहिले. माझ्या हातातून काकांच्या लुंगीचे पाणी माझ्याच पायांवर गळत होते.

त्या दिवशी मी फॉर्म भरलाच नाही. म्हापशाच्या स्टँडवर डिचोलीची बस समोर लागली आणि भरून निघून गेली तरी मी बाकावरच होते. मॅडमना सांगावे का? जिवाला धोका असेल तर सांगता येते, असे संशोधनाच्या नियमांत आहे. पण मग धारगळचे दार बंद झाले असते, आणि दार बंद झाले की काकींना तपासणीला कोणी नेले असते? दुसऱ्या दिवशी वॉर्डात मी एकाचे औषध दुसऱ्याच्या ट्रेवर ठेवले. सोबतच्या सिस्टरने वेळेत पाहिले म्हणून बरे. तिने मला बाजूला घेऊन विचारले, "घरी काय झालंय?" मी म्हटले, झोप कमी होते.

खरे म्हणजे अडचण एकच होती, आणि ती काकींनी स्वतःच सांगितली होती. पेज कोण घालणार.

चार दिवसांनी मी रजा टाकून गेले. काकींना म्हटले, "मी कोणाला काही सांगणार नाही. फक्त आज काकांना पेज मी घालते." त्यांनी पेज गाळून दिली. काका ताठ बसले. मी सिरिंजचा दट्ट्या काढला, सिरिंज त्यांच्या हातात दिली आणि म्हटले, "काका, आज तुम्ही धरा."

काकी म्हणाल्या, "तेंका जमाचा नाय."

काकांनी सिरिंज धरली. नळी नाकाजवळच्या खुणेवर आहे ना ते आधी पाहायचे, नळी चिमटून ठेवायची, थोडे पाणी, मग पेज, सिरिंज किती उंच धरली की किती वेगाने जाते, शेवटी परत पाणी, आणि नंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही. मी एकदा सांगितले. हायवेवर वीस वर्षे तराजू धरलेला हात होता तो, जराही हलला नाही. पेज सावकाश उतरली. एक थेंब सांडला नाही. त्यांनी नळीचे बूच लावले आणि काहीतरी म्हणाले. मला पहिल्यांदा समजले नाही. त्यांनी पुन्हा सांगितले.

"आधी कोणी विचारूकच नाय."

काकी खुर्चीमागे उभ्या होत्या. मला वाटले होते त्यांना हलके वाटेल. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र कोणी हातातले काम हिसकावून घेतल्यासारखे दिसले. त्या पातेले उचलून आत गेल्या आणि बराच वेळ भांडी आपटत राहिल्या. मी दोन वर्षे सेवा करणाऱ्यांच्या ओझ्याबद्दल वाचत होते. ते ओझे उतरले तर माणूस रिकामा होतो, हे कुठे वाचल्याचे आठवेना.

मी मागे गेले. त्या चुलीसमोर बसल्या होत्या. म्हणाल्या, "तपासूक कधी जावक होया?"

जाऊबाईंना सांगणे त्यांनी माझ्यावर टाकले. मी काय सांगितले ते लिहायला मला संकोच वाटतो. त्या रीतीबद्दल मी एक शब्द बोलले नाही. मी म्हटले, "हा विटाळ नव्हे, दुखणे आहे. काकांच्या तोंडातून रक्त यायचे तसेच. दुखण्याला विटाळ नसतो." जाऊबाईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "दुखणा असल्यार गोष्ट वेगळी." झाले. मग त्या काकींवरच रागावल्या, इतके दिवस मला परकी समजलीस म्हणून. नर्स म्हणून, शिकलेली म्हणून मी आणखी बोलायला हवे होते. पण माझ्या स्वतःच्या घरी, नर्सिंगला जाईपर्यंत, मीही चार दिवस पडवीत बसलेली आहे, आणि आई अजून बसते. तिच्याशी मी कधी वाद घातला नाही, तर या घरात कोणत्या तोंडाने घालणार होते? त्या दिवशी मला फक्त काकींना तपासणीला न्यायचे होते.

तपासणी झाली. तुकडा काढून पाठवला. अहवाल यायला जे दिवस लागले त्यांत मी रोज संध्याकाळी काकींना फोन करायचे आणि बोलायला काही नसायचे. त्या मला पेज किती वाजता झाली ते सांगायच्या. अहवालात गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघाला. डॉक्टरबाई म्हणाल्या, अजून बाहेर पसरलेला दिसत नाही, ऑपरेशनने पुष्कळ साधेल. काकींनी त्यांना एकच विचारले, "ह्या तेंका लागता काय? माझ्यापासून?" डॉक्टरबाईंना प्रश्न कळला नाही. त्या म्हणाल्या, कॅन्सर संसर्गजन्य नसतो. काकींनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली, पण त्या काय विचारत होत्या त्याचे उत्तर ते नव्हते, हे आम्हा दोघींना ठाऊक होते.

ऑपरेशन झाले. सावंतवाडीची मुलगी आठ दिवस येऊन राहिली. काका एकदा बसने भेटायला आले, नाकात नळी, गळ्याला तुवालो गुंडाळलेला. वॉर्डातल्या बायका त्यांच्याकडेच पाहत राहिल्या. ते काकींच्या खाटेशेजारी स्टुलावर बसले आणि वेळ झाल्यावर पिशवीतून सिरिंज आणि थर्मास काढून सगळ्यांसमक्ष पेज घेतली. शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, "ह्यांतलो पेशंट कोण गो?"

घरी सोडले त्या दिवशी मी बरोबर गेले. जाऊबाईंनी काकींची गादी काकांच्याच खोलीत जनेलाखाली, खिडकीच्या वाऱ्याला, घातली होती. दोघे समोरासमोर पडून. पेज काकांनी शिजवली होती, जन्मात पहिल्यांदा, आणि बुडाला लागली होती. काकी दोन घास खाऊन थांबल्या. मी पाण्याचा तांब्या ठेवायला वाकले होते, तेव्हा त्या काकांना म्हणाल्या, माझ्यासमोरच, बहुधा मी असताना बोलणे सोपे जाईल म्हणून.

"तेव्हा मी तशीच होतंय. भायर बसाक होया हुता. तशीच तुमका पेज घातलंय. पाच-सात म्हयने."

काकांनी ऐकले. छताकडे पाहिले. मग एकेक शब्द सुटा करून म्हणाले, म्हणजे मलाही नीट कळले:

"तोंडाक खय लागली? नळीतसून गेली."

जाऊबाई दाराआडून हसल्या. मलाही हसू आले. काकी हसल्या नाहीत. "तुमका सगळ्याची थट्टाच," असे म्हणून त्यांनी तोंड जनेलाकडे केले आणि त्यांचे खांदे हलू लागले. काकांनी अंथरुणावरून हात लांब केला. मध्ये दोन हातांचे अंतर होते, तो पोचला नाही. मग ते उठले, नळी सांभाळत, आणि काकींच्या गादीच्या कडेला जाऊन बसले.

मी बाहेर सोप्यावर येऊन पिशवी भरली. जाऊबाईंनी दोन नारळ आणि मिरच्या बांधून दिल्या. नको म्हणायचे त्राण नव्हते.

काका त्यानंतर नऊ महिने जगले. गळ्याची गाठ वाढत गेली. शेवटचा महिना सोडला तर पेज त्यांनी स्वतःच्या हाताने घेतली, आणि शेवटच्या महिन्यात काकींनी घातली. काकींची दर तीन महिन्यांची तपासणी आतापर्यंत चांगली आली आहे. माझा प्रबंध मंजूर झाला, आणि मॅडमनी घरोघरी जाणाऱ्या आमच्या छोट्या गटात मला घेतले. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. आता मी फॉर्म घेऊन जात नाही, पण बसा त्याच आहेत.

काकींचा फोन येतो, बहुधा मी ड्यूटीवर असताना. इकडचे तिकडचे बोलून झाले की त्या थांबतात, आणि मला कळते आता काय येणार.

"बाय, खरा सांग. माझ्यामुळे तर नाय मगो?"

"नाही काकी," मी म्हणते. "तुमच्यामुळे ते इतके दिवस जगले."

"डॉक्टर असाच सांगतत?"

"हो. डॉक्टर असेच सांगतात."

मग त्या बरे म्हणतात आणि फोन ठेवतात. एखाद्या महिन्यात फोन आला नाही, तर मीच लावते.